टोमॅटोचा सॉस आणि पुरवणीतली बोली

इटलीचे नाव निघाले की टोमॅटोच्या तांबड्या सॉसात घोळवलेला पास्ता आठवतो, आणि हे अन्न रोमन साम्राज्याइतके नसले तरी निदान दांतेइतके जुने असावे, असे आपण न तपासता धरून चालतो. दांतेने टोमॅटो पाहिलाही नव्हता. मिकेलांजेलोच्या उतारवयात तो इटलीतल्या श्रीमंतांच्या बागांत एक नवलाई म्हणून नुकताच येऊन पोचला होता. शेवया आणि टोमॅटोचा सॉस यांची सांगड घालणारी सविस्तर, निःसंदिग्ध पाककृती छापली गेली ती १८३९ साली, नेपल्समध्ये. म्हणजे आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ सुरू होऊन सात वर्षे झाल्यानंतर. आणि ती छापली गेली तीही मुख्य ग्रंथात नाही, इटालियन भाषेतही नाही. ग्रंथाला जोडलेल्या पुरवणीत, नापोलितान बोलीत.

या शेवटच्या तपशिलामुळे हा विषय स्वयंपाकघरातून उचलून भाषा-साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवावासा वाटला. पाककृतींची पुस्तके आपल्या विभागांत वाचली जात नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे. पण एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा अभ्यास करताना आपण निबंध वाचतो, नाटके वाचतो, पत्रे वाचतो, ते पुस्तक वाचत नाही. वस्तुतः पाककृती हा अत्यंत काटेकोर आणि तितकाच मौनी असा गद्यप्रकार आहे. तो काय सांगतो याइतकेच तो कोणाला उद्देशून सांगतो, कोणत्या भाषेत सांगतो आणि काय गृहीत धरून गाळतो, हे पाहण्याजोगे असते. टोमॅटोच्या सॉसच्या बाबतीत अशी तीन पाने आहेत. ती एकापुढे एक ठेवून वाचली की दीडशे-दोनशे वर्षांचा प्रवास बराच स्पष्ट दिसतो.

त्याआधी फळाविषयी थोडे. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या परिसरातला. त्याची लागवड आणि पाककला बहरली ती मेक्सिकोत. फ्रान्सिस्कन मिशनरी बेर्नार्दिनो दे साहागून याने सोळाव्या शतकात नाहुआ लोकांच्या जीवनाचा जो प्रचंड वृत्तांत सिद्ध केला, त्यात बाजारात बसून मिरची-टोमॅटोचे नाना तऱ्हेचे रस्से विकणारे विक्रेते आहेत. म्हणजे टोमॅटोचा सॉस ही कल्पनाच मुळात मेक्सिकोची. युरोपने केवळ फळ उचलले असे नाही. इटलीत या फळाचा उल्लेख प्रथम येतो तो पिएत्रो आंद्रेआ मात्तिओली या वैद्याच्या १५४४ सालच्या ग्रंथात. हे नवे फळ कोणत्या कुळात घालावे हे न कळून त्याने ते वांग्याशेजारी बसवले आणि लोक ते वांग्यासारखेच शिजवून खातात असे नोंदवले. ‘पोमी दोरो’, म्हणजे सोनेरी फळे, हे नाव त्याच ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत, १५५४ साली आले. गंमत अशी की भारतातही लोकांना या फळाकडे पाहून वांगेच आठवले. बंगालीत टोमॅटोला ‘बिलाती बेगुन’ म्हणत आले आहेत. विदर्भातल्या ‘भेदरं’ या शब्दाची कहाणी निराळी असावी, पण परक्या फळाला घरचे नाव देण्याची ओढ तीच.

१५४८ च्या ऑक्टोबरअखेर पिसा येथे मेदिची घराण्याच्या वाड्यात टोमॅटोची एक टोपली पोचली. तिची पोच देणारे कारभाऱ्याचे पत्र उपलब्ध आहे. टोपली सुखरूप आली, ती उघडून सर्वांनी फळे न्याहाळली, एवढे कळते. फळे खाल्ली की नाही याबद्दल पत्र गप्प आहे.

पहिले पान आंतोनियो लातिनीचे. लातिनी हा पोरका मुलगा. मोलमजुरीतून वर येत रोममार्गे नेपल्सला पोचला आणि तिथल्या स्पॅनिश राजवटीतील एका बड्या अधिकाऱ्याच्या घरी ‘स्काल्को’ झाला. स्काल्को म्हणजे मेजवान्यांची सारी व्यवस्था पाहणारा कारभारी. त्याचा ‘लो स्काल्को आल्ला मोदेर्ना’ हा द्विखंड ग्रंथ १६९२ ते १६९४ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात ‘स्पॅनिश धर्तीचा टोमॅटोचा सॉस’ आहे. कृती अशी: अर्धा डझन पिकलेले टोमॅटो निखाऱ्यावर भाजावेत, साल काळी पडली की ती अलगद सोलावी, गर सुरीने बारीक चिरावा, त्यात आपल्या अंदाजाने चिरलेला कांदा, तशीच मिरची आणि थोडी थाइमची पाने घालावीत, मग मीठ, तेल आणि व्हिनेगर. उकडलेल्या मांसाबरोबर किंवा इतर कशाबरोबरही हा सॉस चांगला लागतो.

मराठी वाचकाला यात ताबडतोब भरीत दिसेल, आणि ते काही चुकीचे नाही. निखाऱ्यावर भाजणे, साल काढणे, कच्चा कांदा, मिरची, वरून तेल: पद्धत तीच. पण लक्षात घेण्याची गोष्ट दुसरी. हा सॉस शिजवलेला नाही, आटवलेला नाही. तो मेक्सिकोतल्या बाजाराच्या जवळचा आहे आणि आजच्या नेपल्सच्या दूरचा. त्याला दिलेले ‘स्पॅनिश’ हे विशेषण परकेपणाची कबुलीच आहे. आणि पास्त्याचा त्यात मागमूसही नाही. लातिनीच्या ग्रंथात पास्ता नाही असे नव्हे. टोमॅटो आणि पास्ता एकाच घरात राहत होते, पण त्यांची ओळख झालेली नव्हती.

ती नसणे आज आपल्याला विचित्र वाटते याचे कारण आपण शेवटाकडून आरंभाकडे पाहतो. पास्त्याला टोमॅटोची गरज कधीच नव्हती. अरब भूगोलकार अल-इद्रिसी याने ११५४ साली सिसिलीतल्या त्राबिया गावी शेवया मोठ्या प्रमाणावर होतात आणि जहाजांतून दूरदूर जातात असे लिहिले आहे. (मार्को पोलो चीनहून परत आला १२९५ साली. पास्ता त्याने आणला ही लोकप्रिय कथा १९२९ साली अमेरिकेतल्या मॅकरोनी उत्पादकांच्या एका मासिकाने रंगवली. वर्गात ती अजून ऐकू येते म्हणून हा कंस.) तेव्हापासून पुढची सहाशे वर्षे पास्त्याचे सोबती होते किसलेले चीज, लोणी, आणि श्रीमंतांच्या पानात साखर व दालचिनी. नेपल्सचे लोक तर आधी पालेभाजी खाणारे म्हणून ओळखले जात, ‘मांजाफोल्या’. सतराव्या शतकात मांस आणि भाजीपाला महागला, दाबयंत्रांमुळे पास्ता स्वस्त झाला, आणि ते ‘मांजामाक्कारोनी’ झाले. एमिलिओ सेरेनी या इतिहासकाराने १९५८ साली या स्थित्यंतरावर एक दीर्घ निबंध लिहिला आहे. अन्नाच्या इतिहासात आर्थिक कारणे कशी शोधावीत याचा तो वस्तुपाठ आहे. १७८७ साली गटे नेपल्सला आला. त्याने रस्त्यावर विकली जाणारी मॅकरोनी पाहिली आणि वर्णनही केले: पाण्यात उकडलेली, वर किसलेले चीज. स्निग्धता आणि चव दोन्ही चीजच देई. टोमॅटो नाही.

आता दुसरे पान. इप्पोलितो काव्हाल्कांती हा बुओन्विचिनोचा ड्यूक, जुन्या सरदार घराण्यातला, खाण्याचा आणि खिलवण्याचा शौकीन. त्याचा ‘कुचीना तेओरिको-प्रातिका’ हा ग्रंथ १८३७ साली निघाला. त्यात खानदानी मेजवान्यांचा, फ्रेंच वळणाचा स्वयंपाक आहे आणि भाषा इटालियन आहे. १८३९ च्या दुसऱ्या आवृत्तीला त्याने एक पुरवणी जोडली. तिचे नाव ‘नेपल्सच्या भाषेतला घरगुती स्वयंपाक’ अशा अर्थाचे आहे, आणि ती खरोखरच त्या बोलीत आहे. शेवया आणि टोमॅटो तिथे भेटतात.

कृती पाहा. चार रोतोलो टोमॅटो घ्यावेत. (रोतोलो हे नेपल्सचे जुने वजन, सुमारे ८९० ग्रॅमचे, म्हणजे साडेतीन किलो.) ते फुलीसारखे चिरावेत, बिया आणि पाणी काढून टाकावे, उकळावेत. विरघळले की चाळणीतून गाळावेत आणि तो रस विस्तवावर आटवावा. आटवताना एक तृतीयांश रोतोलो डुकराची चरबी घालावी. सॉस नेमका दाट झाला की दोन रोतोलो शेवया उकळाव्यात, पण ‘हिरव्या हिरव्या’. नीट निथळून सॉसात टाकाव्यात, मीठ-मिरपूड घालावी, विस्तवाच्या धगीवर ठेवून मधूनमधून हलवाव्यात म्हणजे थोड्या सुकतील, आणि मग वाढाव्यात.

‘हिरव्या हिरव्या’ हे दोन शब्द मला या साऱ्या पानातले सर्वांत मोलाचे वाटतात. शेवया हिरव्या नसतात. फळ जसे पिकण्याआधी हिरवे असते तशा त्या पुऱ्या शिजण्याआधी, दाताला किंचित लागतील अशा असताना उतरवाव्यात, हा अर्थ. आज जगभर यासाठी ‘अल देन्ते’ हा शब्द चालतो. पण बोलीतल्या या शब्दात झाड आहे, पिकणे आहे, वेळेचा अंदाज आहे. ‘अर्धवट उकडाव्यात’ असे प्रमाण इटालियनमध्ये लिहिता आले असतेच; ड्यूकने ते लिहिले नाही. ही भाषा त्याला कोणाकडून मिळाली असेल? ड्यूक स्वतः आवडीने चुलीपुढे उभा राहत असेलही, पण ‘हिरव्या हिरव्या’ हे सरदारी दालनात तयार झालेले वाक्य वाटत नाही. ते स्वयंपाकघरातल्या कोणाचे तरी, रोज शेवया उतरवणाऱ्याचे किंवा उतरवणारीचे आहे. तिचे नाव पुस्तकात नाही.

दुसरे, या सॉसात आज ज्याला आपण ‘अस्सल’ म्हणू त्यातले जवळपास काही नाही. लसूण नाही, तुळशीच्या जातीची बेझिलची पाने नाहीत, ऑलिव्हचे तेल नाही. चरबी आहे. आज एखाद्या नापोलितान माणसाला ही कृती न सांगता वाचायला दिली तर तो नाक मुरडण्याची शक्यता आहे. बिया आणि पाणी काढण्याचा मुद्दाही तसाच. रस लवकर आटावा म्हणून ते केले जाई, हे उघड आहे. पण इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले की टोमॅटोची चव खोल करणारे ग्लुटामेट बाहेरच्या गरापेक्षा बियांभोवतालच्या बुळबुळीत भागात पुष्कळ अधिक असते. काव्हाल्कांतीचा सॉस नेमके तेच फेकून देतो आणि चवीची उणीव चरबीने भरून काढतो. घरी करून पाहणाऱ्याने बिया काढण्याऐवजी सगळे शिजवून शेवटी चाळणीतून काढावे हे बरे. वेळ अधिक लागतो, सॉस अधिक चांगला होतो. आपल्या बाजारातले कडक सालीचे, प्रवासासाठी घडवलेले टोमॅटो वापरायचे तर हे आणखीच खरे.

ही पहिली कृती असे मी म्हणतो आहे, पण काही अभ्यासक हा मान फ्रान्चेस्को लेओनार्दीच्या १७९० सालच्या ‘लापिचो मोदेर्नो’ला देतात. ‘यमुनापर्यटन’ की ‘मोचनगड’ हा वाद ज्यांनी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून शेकडो वेळा वाचला आहे त्यांना पहिलेपणाच्या वादांची रीत सांगायला नको. काव्हाल्कांतीच्या पानावरून एक गोष्ट मात्र दिसते: हा पदार्थ त्याला नवा वाटत नाही. तो त्याचे समर्थन करत नाही, त्याला परके विशेषण लावत नाही. म्हणजे १८३९ पूर्वी कितीतरी वर्षे नेपल्सच्या गल्लीत आणि घरात तो शिजत होता. लेखन मागाहून आले, आणि आले तेही मागच्या दाराने.

याच सुमारास इटलीत भाषेचा एक मोठा उद्योग चालला होता. आलेस्सांद्रो मांझोनीची ‘ई प्रोमेस्सी स्पोझी’ ही कादंबरी १८२७ साली निघाली होती. तिची भाषा फ्लॉरेन्सच्या सुशिक्षितांच्या बोलण्याशी जुळवून घेण्यासाठी त्याने ती वर्षानुवर्षे शब्दशब्द तपासली आणि सुधारलेली आवृत्ती १८४० ते १८४२ मध्ये भागाभागाने प्रसिद्ध केली. उत्तरेत कादंबरीकार आपली कृती प्रमाणभाषेच्या पाण्यात धुऊन काढत असताना दक्षिणेत एक ड्यूक प्रमाणभाषेतून बोलीत उतरत होता. दोघांनी एकमेकांची दखल घेतली नसणार. पण भावी राष्ट्राची कादंबरी आणि भावी राष्ट्राचा पदार्थ एकाच काळात उलट दिशांनी निघाले होते, हे दृश्य विलक्षण आहे.

१८६० साली गॅरिबाल्डीने दक्षिण जिंकत आणली. त्या उन्हाळ्यात सिसिली हाती आली पण नेपल्स अजून आले नव्हते. तेव्हा पिएमोंतचा पंतप्रधान काव्हूर याने एका पत्रात लिहिले की संत्री आमच्या टेबलावर आली आहेत, मॅकरोनी मात्र अजून शिजायची आहे. तोवर मॅकरोनी म्हणजे नेपल्स, इटली नव्हे. १८६१ साली राष्ट्र झाले तेव्हा इटालियन बोलू शकणारे लोक शंभरात अडीच होते, असा भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माऊरो यांचा १९६३ चा अंदाज आहे. इतर अभ्यासक तो आकडा दहाच्या आसपास नेतात. कोणताही धरला तरी चित्र फारसे बदलत नाही.

तिसरे पान या राष्ट्रातले. पेल्लेग्रिनो आर्तुझी हा रोमान्या प्रांतात जन्मलेला, फ्लॉरेन्सला स्थायिक झालेला रेशमाचा व्यापारी. अविवाहित, सुखवस्तू, वाङ्मयाची आवड असलेला. प्रकाशकांनी नाकारल्यावर त्याने १८९१ साली ‘ला शेंत्सा इन कुचीना’ हे पुस्तक स्वखर्चाने छापले. पहिल्या आवृत्तीत ४७५ पाककृती होत्या. १९११ साली तो वारला तोवर त्या ७९० झाल्या होत्या. वाचकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, पत्रांतून आलेल्या कृतींनी हे पुस्तक वाढत गेले. फ्रेंच शब्दांनी बुजबुजलेली स्वयंपाकाची भाषा त्याने तस्कन वळणाच्या सोप्या इटालियनमध्ये आणली.

टोमॅटोच्या सॉसकडे तो एका विनोदी पाद्र्याच्या गोष्टीतून येतो. हा पाद्री घरोघरी नाक खुपसायचा, म्हणून लोक त्याला ‘दोन पोमोदोरो’ म्हणत. कारण टोमॅटो कुठेही घुसतात. मग कृती: पाव कांदा, लसणाची एक पाकळी, बोटभर लांबीचा सेलरीचा तुकडा, बेझिलची काही पाने आणि पार्सली हे सारे बारीक चिरून, थोडे तेल, मीठ, मिरपूड आणि सात-आठ टोमॅटो एकदमच विस्तवावर ठेवावेत, हलवत राहावे, आणि पातळ सायीसारखे दाट झाले की चाळणीतून काढावे. येथे आजचा सॉस ओळखू येतो. शिवाय आर्तुझी ‘साल्सा’ आणि ‘सूगो’ यांत भेद करतो. नुसता टोमॅटो शिजवून गाळलेला तो सूगो; कांदा-लसूण-सेलरीच्या वाटणासह केलेली ती साल्सा. शब्दांच्या सीमा आखण्याची ही हौस व्याकरणकाराची आहे.

पण हा सॉस कशासाठी? उकडलेल्या मांसाबरोबर चांगला, लातिनी म्हणाला होता तसाच. भाताच्या रिसोत्तोसाठी चांगला. आणि चीज-लोणी घातलेल्या पास्त्याला शोभा आणण्यासाठी उत्तम. शोभा आणण्यासाठी! १८९१ साली, फ्लॉरेन्समध्ये, पास्त्याचा खरा सोबती अजून चीज-लोणीच आहे आणि टोमॅटो वरून येणारा पाहुणा आहे. दोनशे वर्षे उलटली, राष्ट्र झाले, तरी नेपल्सची पुरवणी अजून मुख्य ग्रंथात आलेली नव्हती. पिएरो काम्पोरेझी यांनी १९७० साली आर्तुझीच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना, राष्ट्रीय एकीकरणासाठी मांझोनीच्या कादंबरीपेक्षा या पुस्तकाने अधिक केले, असे विधान केले. ते थोडे अतिशयोक्त आहे, पण कादंबरी शाळेत वाचली जाई आणि हे पुस्तक रोज उघडले जाई, हा फरक त्यामागे आहे.

टोमॅटोला इटलीभर नेणारी गोष्ट मात्र पुस्तक नव्हती. ती होती बाटली आणि डबा. टोमॅटो उन्हाळ्याचे तीन महिने येतो, पास्ता बाराही महिने खाल्ला जातो. पार्मा परिसरात आणि नेपल्सभोवती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टोमॅटो टिकवण्याचे कारखाने उभे राहिले, आणि हंगामाचे बंधन सुटले. घरोघरी तेच काम ऑगस्टमध्ये होत आले आहे. दक्षिणेतल्या कुटुंबांत तो एक सोहळाच असतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या पापड-कुरडयांसारखा: आदल्या दिवशी टोमॅटो पसरून निवडायचे, पहाटे मोठ्या कढईत उकडायचे, हाताने फिरवायच्या यंत्रातून साल-बिया वेगळ्या काढायच्या, रस बाटल्यांत भरून प्रत्येकीत बेझिलचे एखादे पान टाकायचे, मग बाटल्या चिंध्यांत गुंडाळून पिंपात रचायच्या, पाणी भरून खाली जाळ लावायचा, आणि त्या पाण्यातच रात्रभर निवू द्यायच्या. चिंध्या यासाठी की बाटल्या एकमेकींवर आपटून फुटू नयेत. यातले फारच थोडे कोणी पुस्तकात वाचून शिकते.

पुस्तकाबाहेर राहिलेल्या या हातांना वाङ्मयात जागा मिळाली ती नेपल्सच्याच एका नाटककाराकडून. एदुआर्दो दे फिलिप्पो यांचे ‘साबातो, दोमेनिका ए लुनेदी’ हे नाटक १९५९ सालचे. शनिवारी संध्याकाळी पडदा उघडतो तेव्हा रोझा रविवारच्या जेवणाचा रागू चढवण्याच्या तयारीत असते. रागू म्हणजे मांसाचे तुकडे घालून तासन्‌तास मंद आचेवर रटरटवलेला टोमॅटोचा सॉस. घरात पतिपत्नीचा अबोला आहे. नवरा पेप्पिनो शेजाऱ्यावर संशय घेतो, रविवारच्या भरल्या पंगतीत त्याचा स्फोट होतो. खरे कारण सोमवारी बाहेर येते. काही महिन्यांपूर्वी सुनेच्या घरी जेवताना पेप्पिनोने तिच्या हातच्या मॅकरोनीची मनापासून तारीफ केली होती; आणि रोझा, जिने इतकी वर्षे दर शनिवारी सॉस चढवला होता, ते ऐकत शेजारी बसली होती.